आठ जणांच्या महाविद्यालयात सहा विभागप्रमुख?

वाचकाचं पत्र

मी एका छोट्या बी.एड. महाविद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते. प्रवेशक्षमता ५०, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून १०० छात्राध्यापक. जुने प्राचार्य निवृत्त झाले आणि पीएच.डी. माझ्या एकटीकडेच असल्यामुळे प्रभार माझ्याकडे आला. संस्थेचे सचिव म्हणतात, नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या दर्जाच्या मूल्यांकनाची, तयारी करायची आहे, तेव्हा सहा विभाग दाखवा, प्रत्येकाला प्रमुख नेमा, दारांवर पाट्या लावा, संकेतस्थळावर माहिती टाका. अध्यापकांच्या यादीत आम्ही आठ जण आहोत, रोज येणारे सहाच. उरलेल्या दोघांपैकी गणिताच्या सरांना मी क्वचित कधी पाहिलंय, कलेच्या मॅडमना तर कधीच नाही. त्या यादीवर आता माझी सही लागणार आहे. मराठी मेथडचे, म्हणजे मराठी कसं शिकवायचं ते शिकवणारे, सर माझ्यापेक्षा पुष्कळ ज्येष्ठ आहेत. त्यांना भाषा विभागाचं प्रमुखपद हवंय आणि इंग्रजीच्या मॅडम त्यांच्या हाताखाली काम करायला तयार नाहीत. विज्ञान आणि गणित अशा दोन्ही मेथड एकाच तरुण मॅडमच्या गळ्यात आहेत. आंतरवासिता, म्हणजे छात्राध्यापकांचा शाळेतला प्रत्यक्ष सराव, तोंडावर आलीय आणि ती अंगावर घ्यायला कुणी पुढे येत नाही. विभाग कसे पाडू? सरांशी कसं वागू? त्या दोन नावांचं काय करू? आणि नव्या शैक्षणिक धोरणात आमच्यासारखी महाविद्यालयं टिकणारच नसतील, तर एवढा जीव काढायचा तरी कशासाठी?

एक प्रभारी प्राचार्या

मॅडम,

तुमच्या पत्रात विभागांचा प्रश्न आधी आहे आणि सहीचा मधेच कुठंतरी. मी सहीपासून सुरुवात करते, कारण ती मिटल्याशिवाय विभागांचं काहीही मांडलं तरी ते टिकणार नाही.

त्या यादीवर सही करू नका.

कारण नुसतं कायद्याचं असतं तर मी एका ओळीत सांगून पुढे गेले असते. पण आठ हा आकडा कुठून आला ते आधी बघू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे आपल्या एनसीटीईच्या, २०१४ च्या विनियमांत ५० च्या दोन तुकड्यांना, म्हणजे दोन वर्षांच्या २०० विद्यार्थ्यांना, १६ पूर्णवेळ अध्यापक सांगितले आहेत. प्राचार्य एक, शिक्षणाच्या पायाभूत विषयांना चार, मेथडना आठ, आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण, दृश्यकला, प्रयोगकला यांना एकेक. तुमच्यासारख्या एका तुकडीच्या महाविद्यालयाला हा आकडा आठवर आणलेला आहे. म्हणजे आठ ही मुळातच निम्मी करून दिलेली संख्या. तिच्यातून आणखी दोघं वजा केले की काय होतं, ते तुमच्याच वेळापत्रकावर मांडून बघा.

त्याच विनियमांनुसार प्रवेश आणि परीक्षांचे दिवस सोडून वर्षाला किमान २०० दिवस काम, आठवड्याला ३६ तास. शाळेतली आंतरवासिता २० आठवडे, त्यातले ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. दुसऱ्या वर्षाचे ५० जण सोळा आठवडे शाळांमध्ये असताना प्रत्येकाचा आठवड्यातून निदान एक पाठ कुणीतरी नीट बघायचा म्हटलं, तर आठवड्याला ५० निरीक्षणं होतात. प्राचार्य सोडून सात जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सात. पाच जण असतील तर दहा. एका निरीक्षणात शाळेत जाणं आलं, पूर्ण तासिका मागच्या बाकावर बसणं आलं, आणि नंतर त्या मुलीशी किंवा मुलाशी पाठाबद्दल बोलणं आलं. याच दिवसांत पहिल्या वर्षाचे तासही चालूच. सात निरीक्षणं ओढूनताणून जमतील. दहा जमत नाहीत. मग काय होतं, ते आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निरीक्षणवह्या स्टाफरूममध्ये येतात, एका बैठकीत भरल्या जातात आणि प्रत्येक पानावर तेच उमटतं : ‘पाठ चांगला झाला, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे.’ पाठ कुणी पाहिलेलाच नसतो.

यादीतली दोन खोटी नावं यादीतच राहत नाहीत. त्यांच्यामुळे निरीक्षणं खोटी होतात, निरीक्षणं खोटी झाली की गुण खोटे होतात, आणि हे सगळं जे बघत असतात ते १०० जण उद्या वर्गावर उभे राहणार असतात. शिवाय अध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी या सगळ्यांची नावं, पात्रता आणि छायाचित्रं संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक आहे. तुमचे विद्यार्थी ते पान उघडतील आणि कधीही न दिसलेल्या मॅडमचा फोटो बघतील. मूल्यमापन, हजेरी, नोंदी यांबद्दल तुम्ही वर्गात काय सांगितलं यापेक्षा तो फोटो त्यांच्या जास्त लक्षात राहील. उद्या त्यांच्यासमोर शालेय पोषण आहाराची किंवा पटाची नोंदवही येईल, तेव्हा त्यांना यातलं काय आठवावं असं तुम्हाला वाटतं?

आता हे सचिवांना कसं सांगायचं. कायद्याचं पुस्तक उघडून दालनात शिरू नका. वेळापत्रक घेऊन जा. आठवड्याचे तास, आंतरवासितेतल्या शाळा, प्रत्येकाच्या वाट्याची निरीक्षणं असं सगळं एका कागदावर मांडा आणि सांगा, ‘सर, दोन जागांचं काम होत नाहीये, ती भरायला हवीत.’ कोण खोटं बोललं याची चर्चा त्या बैठकीत नको. बऱ्याच संस्थाचालकांना मंजूर पदांचा हिशेब पगाराच्या बाजूनं पाठ असतो, कामाच्या बाजूनं कुणी मांडून दाखवलेला नसतो. मार्गही सोबतच ठेवा. बिंदुनामावलीची, म्हणजे आरक्षणानुसार पदांच्या क्रमाची, तपासणी, जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी असलेली निवड समिती आणि मग विद्यापीठाची मान्यता, ही पूर्ण वेळ नेमणुकीची वाट लांबची आहे. म्हणून तोवरच्या कामासाठी तासिका तत्त्वावर माणसं घ्या आणि ती तासिका तत्त्वावर आहेत असंच यादीत लिहा. कमी माणसं आहेत हे खरं सांगणारं महाविद्यालय दुबळं दिसेल, पण त्याला दुरुस्तीला वाव राहतो. खोटी यादी पकडली गेली तर एनसीटीई कायद्याच्या कलम १७ खाली मान्यता काढून घेण्यापर्यंत गोष्ट जाते, आणि त्याची झळ संस्थेच्या आधी विद्यार्थ्यांना बसते.

बोलणं झाल्यावर तेच सौम्य भाषेत लिहून द्या. जावक क्रमांक टाका, पोच घ्या, एक प्रत घरी ठेवा. हे भांडण नाही, प्रभारी प्राचार्याच्या खुर्चीचं ते कामच आहे. आणि इतकं करूनही ‘सही करा, नाहीतर बघा’ असं उत्तर आलं, तर प्रभार सोडण्याचं पत्र द्या. प्रभार सोडा, नोकरी सोडू नका. या दोन गोष्टी रागाच्या भरात एक करून टाकल्या जातात. अध्यापक म्हणून तुमच्या नेमणुकीला संरक्षण आहे, अन्याय झाला तर विद्यापीठाची तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. प्रभार सोडण्याची किंमत असते, ती मी कमी लेखत नाही. कामाचे तास वाढवले जातील, रजा अडवली जाईल, कुणी काही दिवस बोलणार नाही. तरीही त्या सहीची किंमत जास्त आहे, कारण चौकशी आली तर यादीखाली सचिवांचं नाव नसेल, तुमचं असेल.

आता विभाग.

सहा जणांत सहा विभाग केले की प्रत्येक जण आपल्या एकट्याचा प्रमुख होतो. विभागाची बैठक घ्यायची तर कुणाशी? इतिवृत्त लिहायचं तर कशाचं? तुमच्या वेळापत्रकातल्या ज्या कामाला खरोखर तीन-चार जणांनी एकत्र बसावं लागतं, त्या कामाभोवती विभाग उभा करा. सुदैवानं ही आखणी तुम्हाला नव्यानं शोधायची गरज नाही. दोन वर्षांच्या बी.एड.चा अभ्यासक्रमच तीन अंगांनी मांडलेला आहे. एक शिक्षणाचे पायाभूत विषय, म्हणजे बालकाची वाढ, समकालीन भारतातलं शिक्षण, अध्ययन-अध्यापन, लिंगभाव आणि शाळा, समावेशन वगैरे. दुसरं अंग अभ्यासक्रम आणि अध्यापनशास्त्राचं, म्हणजे आपल्या भाषेत मेथड आणि मूल्यमापन. तिसरं प्रत्यक्ष क्षेत्रातल्या कामाचं. त्यात आंतरवासिता येते, शाळा आणि समाजाबरोबरची कामं येतात, आणि वाचन-चिंतन, नाट्य व कला, माहिती-तंत्रज्ञान, स्वतःची ओळख हे व्यावसायिक क्षमता वाढवणारे उपक्रमही येतात. तुमचे विभाग हे तीनच. प्रमुख म्हणण्यापेक्षा समन्वयक म्हणा, दोन-दोन वर्षांनी फिरता ठेवा, आणि प्रत्येक अध्यापकाला दोन विभागांत घाला.

दोन विभागांत घालणं नियमात बसतं का, असं सचिव विचारतील. बसतं. अध्यापकांनी पायाभूत आणि मेथड अशा दोन्ही प्रकारचे पेपर शिकवावेत, उपलब्ध माणसांचा उपयोग लवचीकपणे करावा, अशी मुभा त्याच विनियमांत दिलेली आहे. तुमचे इतिहास किंवा भूगोल शिकवणारे कुणी असतील तर समकालीन भारत आणि शिक्षण हा पेपर त्यांच्याकडे द्या, तो त्यांच्या हातात खुलेल. नॅकचं म्हणाल तर शिक्षक-शिक्षण संस्थांसाठी त्यांची वेगळी नियमपुस्तिका आहे. ती छापून सचिवांच्या टेबलावर ठेवा. आंतरवासितेची पूर्वतयारी कशी करता, शाळेत गेल्यावर देखरेख कोण आणि कशी ठेवतं, विद्यार्थ्यांत कोणती कौशल्यं आणता, हे प्रश्न तिथं तपशिलात आहेत. दाराच्या पाट्यांवर घालायचा वेळ या प्रश्नांच्या उत्तरांवर घाला.

मेथडच्या विभागाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण छोट्या महाविद्यालयाची खरी श्रीमंती तिथं असते आणि तीच वाया जाते. आपल्याकडे मेथड म्हणजे एकेकाची जहागीर. मराठीची मुलं मराठीच्या सरांची, विज्ञानाची विज्ञानाच्या मॅडमची, एकाच्या पाठाला दुसरा फिरकत नाही. मोठ्या ठिकाणी हे खपून जातं. तुमच्याकडे मात्र विज्ञान आणि गणित मिळून एकच माणूस आहे. ती आजारी पडली की दोन मेथड बंद. सूक्ष्मपाठांपासून सुरुवात करा. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, उद्दीपनात बदल करणं, फळा वापरणं ही कौशल्यं काही एका विषयाच्या मालकीची नाहीत. पाच-सहा मिनिटांचा पाठ आहे, तो इंग्रजीच्या मॅडमनी गणिताच्या मुलाचा पाहिला तर काहीही बिघडत नाही. उलट गणित न येणारा निरीक्षक मागे बसला की त्या मुलाला समजेल असं बोलावंच लागतं. दर आठवड्याला एक तास सगळ्या मेथडच्या अध्यापकांनी एका वर्गात बसायचं, दोन-तीन पाठ सगळ्यांनी मिळून बघायचे आणि तिथंच विद्यार्थ्यांसमोर बोलायचं, असं वेळापत्रकात घाला. एकाच पाठाबद्दल दोन अनुभवी अध्यापकांचं मत वेगळं पडू शकतं आणि ते आदरानं मांडता येतं, हे छात्राध्यापकांनी एकदा बघायला हवं. पुढच्या आयुष्यात स्टाफरूममध्ये कसं वागायचं, हे त्यांना शिकवणारा दुसरा पेपर नाही.

आशय समजण्यात जिथं विषयाचाच माणूस लागतो, तिथं अर्थातच तडजोड नको. अपूर्णांकांच्या भागाकाराचा पाठ गणितवाल्यानंच पाहिला पाहिजे. म्हणून गणिताची जागा भरण्याचा आग्रह पहिला धरा, कलेची त्यानंतर.

आता मराठीचे सर. तुम्ही लिहिलंय की त्यांना भाषा विभागाचं प्रमुखपद हवंय. मला वाटतं, त्यांना ते पद नको आहे. पीएच.डी. नाही म्हणून खुर्ची गेली, आता निदान कुठंतरी नाव असावं, एवढंच त्यांना हवंय. इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला असं वाटण्यात काही गैर नाही. तुम्ही मनातून ते गैर धरत असाल तर ते सोडून द्या, नाहीतर बोलताना ते चेहऱ्यावर येईलच.

भाषा विभाग काढूच नका. मराठी आणि इंग्रजी या दोन स्वतंत्र मेथड, दोघांचं काम स्वतंत्र, कुणी कुणाच्या हाताखाली नाही. फक्त प्रत्येक विषय शिकताना भाषेचं काय होतं हे सांगणारा जो पेपर आहे, तो दोघांनी अर्धा-अर्धा घ्यावा. विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान मराठीतून आणि तेच पान इंग्रजीतून घेऊन दोघांनी शेजारी उभं राहून एक तास घेतला तर तुमच्या महाविद्यालयात त्या वर्षी झालेला तो सगळ्यात चांगला तास असेल.

आणि सरांना आंतरवासिता द्या.

दचकू नका. आंतरवासितेला कुणी पुढे येत नाही, कारण आपल्याकडे ते हमालीचं काम समजलं जातं. पत्रं टाइप करा, शाळांना फोन करा, मुख्याध्यापकांची बोलणी खा. खरं तर बी.एड.मधलं सर्वांत मोठं पद तेच आहे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगानं, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, शिक्षक-प्रशिक्षण संस्थांचं मोठं दुखणं म्हणून त्यांच्या एकाकीपणावर बोट ठेवलं होतं. विद्यापीठांपासून तुटलेल्या, शाळांपासून तुटलेल्या, एकमेकींपासून तुटलेल्या. शाळांपासूनचा तो तुटलेपणा जोडायचं काम तुमच्याकडे एकच माणूस करू शकतो. इतकी वर्षं सरांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी आज आसपासच्या शाळांत शिक्षक असतील, काही मुख्याध्यापक झाले असतील. तुम्ही फोन केलात तर ‘सध्या परीक्षा आहेत, मग बघू’ असं उत्तर येईल. सरांनी केला तर वर्ग मिळतील, आणि मिळालेल्या वर्गांवर छात्राध्यापकांना बदलीचा शिक्षक म्हणून राबवून घेतलं जाणार नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. शाळेत शिक्षक कमी असले की आलेल्या बी.एड.च्या मुलांवर अख्खं वेळापत्रक टाकून दिलं जातं, आणि त्याला नाही म्हणण्यासाठी मुख्याध्यापकाला ओळखणारा वडीलधारा माणूस लागतो.

विचारताना त्यांना केबिनमध्ये बोलावू नका. बैठकीत सगळ्यांसमोर जाहीरही करू नका. स्टाफरूममध्ये त्यांच्या टेबलाशी जाऊन बसा आणि सांगा, ‘सर, हे मला जमणार नाही, तुम्हाला जमेल, घ्याल का?’ हे खरंच असल्यामुळे म्हणायला जड जाणार नाही. सोबत त्यांचे तास कमी करा, कार्यालयातून पत्रव्यवहाराला हक्काची मदत द्या, कोणत्या शाळा घ्यायच्या यावर शेवटचा शब्द त्यांचा ठेवा. यातलं काही देणार नसाल तर विचारूच नका, कारण मग ते पुन्हा हमालीचंच काम होईल आणि ते त्यांना लगेच कळेल. नाही म्हणाले तर राग धरू नका. शारीरिक शिक्षणाच्या सरांना विचारा. छोट्या महाविद्यालयांत या माणसाला शिस्त आणि मैदान एवढंच देतात, पण शालेय स्पर्धांच्या निमित्तानं शाळांमध्ये त्यांची ऊठबस असते. महाविद्यालय विकास समितीत एक विभागप्रमुख प्राचार्यांनी नामनिर्देशित करायचा असतो. तिथं आंतरवासितेच्या समन्वयकाचं नाव द्या. बाकीच्यांना त्यातून जे समजायचं ते समजेल.

कर्मचारी म्हटलं की तुमच्या पत्रात फक्त अध्यापक आले. ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, शिपाई यांचा एका शब्दानंही उल्लेख नाही. विनियमांत ही पदंही मोजून दिलेली आहेत. अशा महाविद्यालयात लिपिक एकच असेल तर सीईटी, कॅपच्या (केंद्रीय प्रवेशाच्या) फेऱ्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यापीठाची पात्रता, परीक्षा फॉर्म हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं. तो गैरहजर असला की महाविद्यालय थांबतं, आणि स्टाफ मीटिंगला त्याला मात्र चहा सांगायला आत बोलावतात. त्याला बैठकीत खुर्ची द्या. वेळापत्रक ठरवताना प्रवेशाचे आणि परीक्षांचे आठवडे त्याच्याकडून लिहून घ्या. ग्रंथपालांना तिसऱ्या विभागात घ्या. वाचन आणि चिंतनाचा जो उपक्रम आहे तो ग्रंथालयातच व्हावा, पुस्तकं निवडण्यात त्यांचा हात असावा. पुष्कळदा मुलांना काय वाचता येतं आणि काय येत नाही याचा अंदाज अध्यापकांपेक्षा ग्रंथपालांना चांगला असतो, कारण पुस्तक परत करताना मुलं त्यांच्याशी खरं बोलतात.

संकेतस्थळाच्या पानाचं काम यानंतर अगदी सोपं आहे. तीन विभाग, प्रत्येकात कोण आणि कोणता पेपर, तासिका तत्त्वावरचे कोण, रिक्त पदं कोणती, शिक्षकेतर कोण. रिक्त पद ‘रिक्त’ असंच लिहा.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो मी अलीकडे फार जणांकडून ऐकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता व्हावी आणि अध्यापक शिक्षण बहुविद्याशाखीय संस्थांमध्ये जावं. एकट्यानं उभ्या असलेल्या बी.एड. महाविद्यालयांना त्यामुळे आपलं रूप बदलावंच लागणार आहे, यात शंका नाही. पण दोन वर्षांचं बी.एड. त्या धोरणानं पुसून टाकलेलं नाही. ज्यांच्याकडे आधीच दुसऱ्या विषयातली पदवी आहे त्यांच्यासाठी ते राहणार आहे, फक्त मोठ्या संस्थेच्या छताखाली. तुमच्या संस्थेचं कला किंवा विज्ञान महाविद्यालय असेल, किंवा जवळ दुसऱ्या संस्थेचं असेल, तर बोलणी आता सुरू व्हायला हवीत. तिथं जाताना तुमच्या हातात काय असेल? सहा पाट्या असतील तर तुम्हाला एका खोलीत बसवतील आणि हळूहळू पदं आटवतील. तीन चालते विभाग, शाळांशी लेखी करार, प्रत्येक छात्राध्यापकाच्या खऱ्या निरीक्षणांची नोंद आणि खरा कार्यभार असेल, तर तुमची माणसं तिथं मागून घेतील. चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू करू पाहणाऱ्या कुठल्याही महाविद्यालयाकडे विषयाचे प्राध्यापक असतात. शाळेत जाऊन पाठ बघणारे आणि त्याबद्दल नीट बोलू शकणारे अध्यापक त्यांच्याकडे नसतात.

आणि समजा, काहीच झालं नाही, महाविद्यालय काही वर्षांनी बंद पडलं, तरी आजचे १०० जण त्याआधी वर्गांवर गेलेले असतील. त्यांच्या हाताखाली तीस-तीस वर्षं मुलं शिकणार आहेत. जीव काढायला एवढं कारण मला पुरतं, तुम्हालाही पुरत असावं, नाहीतर तुम्ही एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ खाली महाविद्यालय विकास समिती असते. वर्षातून निदान चार बैठका घ्याव्या लागतात, अध्यक्ष आणि सचिव दोघंही तिथं असतात, अध्यापकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात, शिक्षकेतरांचाही एक असतो, आणि सदस्य-सचिव प्राचार्य, म्हणजे आज तुम्ही. विषयपत्रिका आणि इतिवृत्त तुमच्या हातात आहे. केबिनमध्ये एकटीनं मागितलेली गोष्ट टाळता येते, इतिवृत्तात आलेली टाळणं अवघड जातं. आंतरवासिता सुरू होण्याआधी ही बैठक लावा. पहिला विषय मंजूर पदं, प्रत्यक्ष हजेरी आणि कार्यभार. दुसरा गणित आणि कलेच्या जागांची जाहिरात, तोवर तासिका तत्त्वावर नेमणूक. तिसरा तीन विभाग आणि त्यांचे समन्वयक. चौथा जवळच्या महाविद्यालयाबरोबर बोलणी करायला दोघांची समिती, त्यात इंग्रजीच्या मॅडमना घ्या, त्यांना अजून काही मिळालेलं नाही. नोटीस काढण्याआधी मराठीच्या सरांशी बोलून घ्या, म्हणजे तिसऱ्या विषयाला अनुमोदन त्यांचंच येईल.